पाण्याच्या चावीची निवडणूक

चाळीत राहिलेल्या माणसाला गोष्टी जमवाव्या लागत नाहीत. दाराबाहेरच्या चपलांसारख्या त्या आपोआप वाढत जातात. त्यातून आमच्या घाटकोपरच्या चाळीतल्या निवडणुका म्हणजे तर विचारूच नका! देशात तेव्हा मतदानाची नवलाई होती. आमच्याकडे त्याहून मोठा प्रश्न होता, पाण्याची चावी कुणाकडे? सकाळचं पाणी तळमजल्याला सोडायचं की वर चढू द्यायचं, हे चाळीचा सेक्रेटरी ठरवायचा. आणि सेक्रेटरी कायम तळमजल्यावरचे भाऊसाहेब, कारण खालच्या खोल्या जास्त. आम्ही वरचे. माझ्या शेजारच्या मालवणच्या काशीताई गुडघा धरत हंडे वर चढवायच्या. वरच्या नळाला पाणी आणायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

*

काशीताई भाऊसाहेबांविरुद्ध उभ्या राहिल्या. पहिल्यांदा हात वर करून मतदान झालं. तळमजल्यावरच्या काही बायकांनी काशीताईंना आतून कबूल केलं होतं. पण समोर भाऊसाहेब आणि शेजारी आपापले नवरे! एकीचा हात अर्धा वर गेला, नवऱ्याने वळून पाहिलं, तशी ती डोकं खाजवायला लागली. मतं मोजायला आमचे सोमण मास्तर होते, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारे. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाई, हे मत धरू की ऊ?"

*

मग मास्तर म्हणाले, गुप्त मतदान हवं. सरकारी निवडणुकीत होती तशी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी! पेट्या म्हणजे तुपाचे रिकामे डबे. एकावर छत्री चिकटवली, दुसऱ्यावर कंदील, आणि मध्ये चादरीचा पडदा.

डबे उघडले, तर बाकीच्या चिठ्ठ्यांत एकाच चिठ्ठीचे दोन तुकडे, एकेका डब्यात एकेक. जिन्यालगतच्या खोलीतल्या गंगूकाकू शांतपणे म्हणाल्या, "माझीच ती. दोघंही शेजारचीच ना? एकाला कशाला दुखवायचं?"

मास्तरांनी मत बाद केलं. काकूंनी मास्तरांशी बोलणं टाकलं. निवडून भाऊसाहेबच आले, हे सांगायला नकोच.

*

पुढच्या वर्षी मास्तर कुठलंसं जाड पुस्तक वाचून आले. तिघांची कमिटी, प्रत्येकाला तीन मतं, वाटलं तर तिन्ही एकालाच द्या. "यात थोड्या लोकांनाही प्रतिनिधी मिळतो!"

मिळाला की! आम्ही वरच्यांनी सगळी मतं काशीताईंवर ओतली. त्या कमिटीत गेल्या, आम्ही पेढे वाटले. पहिल्याच मीटिंगला पाण्याचा ठराव दोन विरुद्ध एक असा आपटला. काशीताई वर येऊन म्हणाल्या, "बसूक खुर्ची गावली रे. पाणी खंय?"

*

मास्तर हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पद्धत उलटीच केली. नको त्या नावावर फुली मारायची, ज्याच्यावर फुल्या कमी तो सेक्रेटरी! तिसरा उमेदवार हवा म्हणून झोपाळू नानांना उभं केलं. खालच्यांनी काशीताईंवर फुली मारली, वरच्यांनी भाऊसाहेबांवर. नानांवर एकही नाही. नाना दणक्यात निवडून आले!

दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि गेलं. नाना झोपलेले, चावी त्यांच्या उशाखाली. सगळी चाळ कोरडी! भाऊसाहेब आणि काशीताई त्या सकाळी प्रथमच एकमताने एका दारावर लाथा मारत होते.

*

नानांनी त्याच आठवड्यात चावी परत केली आणि भाऊसाहेबांच्या डोक्यात 'बिनविरोध' शिरलं. भर सभेत म्हणाले, "अख्ख्या चाळीनं एकमुखानं निवडावं, एवढीच इच्छा आहे."

काशीताई उठल्या. "आमी वरचे सगळे तुमकाच मत देतो. पण वरीसभर तुमी माज्या खोलीत रवायचा, मी तुमच्या."

सभा खो खो हसली. भाऊसाहेबही हसले. "वर वारा झकास येतो," म्हणत त्यांनी हार घालून घेतला. सगळ्यांदेखत शब्द दिलेला, मोडणार कसा? रविवारी दोन्ही बिऱ्हाडं हलली.

सोमवारी भाऊसाहेबांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, पहिला हंडा स्वतः वर नेला आणि दुसरा भाऊसाहेबांच्या खांद्यावर दिला. ते अर्ध्या जिन्यातच बसले.

मंगळवारी वरच्या नळाला धो धो पाणी! आम्ही मिळेल ते भांडं घेऊन धावलो. माझी आई तर रडलीच, आणि मलाही भरून आलं.

कठड्यावरून खाली पाहिलं, तर तळमजल्याचा नळ ठणठणीत कोरडा. त्याच्यापुढे काशीताई रिकामी कळशी घेऊन उभ्या, पोट धरून हसताहेत. मग तोंड वर करून ओरडल्या, "भाऊसाहेबानू, वायच पाणी खाली सोडशात काय?"