न मारणाऱ्या मॅडम

मी घर सोडलं त्या सकाळी मुरुडच्या स्टँडवर माझ्या बापानं माझ्या मामाचं डोकं फोडलं. बाबांच्या हातात माझाच जेवणाचा डबा होता, स्टीलचा, धपाट्यांनी गच्च भरलेला. मामा माझ्या बॅगेचा पट्टा धरून एवढंच म्हणाला होता, "दाजी, पोरीला परजिल्ह्यात धाडून राहिलात. तिथं तिला खोली कोण देणार? म्या आणलेलं स्थळ काय वाईट होतं?" बाबा आडत बाजारात हमाल. आयुष्यभर पोती वाहिलेला हात, तो उठला की मधे थांबत नाही. मामा खाली बसला, कपाळावरून रक्त नाकापर्यंत आलं, आणि स्टँडवरचं निम्मं मुरुड गोळा झालं.

आई आपल्या भावाच्या कपाळावर पदर दाबून रडत होती. ती भावासाठी रडत होती की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी मला बॅगेसकट लातूरच्या गाडीत ढकललं आणि चेपलेला डबा खिडकीतून आत दिला. "मागं बघू नको माय," ते ओरडले, "शिकवायला चाललीस, शिकव!" मी मागं बघितलंच. मामा उठून उभा राहिला होता आणि बाबांच्या अंगावर धावून जात होता.

मुरुडात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझ्यासारखी परजिल्ह्यात नोकरी लागून 'स्वजिल्हा, स्वजिल्हा' असा बदलीचा जप करत बसलेली मंडळी आहेत, त्यांच्यासाठीही. लोक दुबईला जातात, अमेरिकेला जातात. मी लातूर जिल्ह्यातून शेजारच्या नांदेड जिल्ह्यात गेले. हसा खुशाल. पण चाकूर मागं पडलं, नांदेडला गाडी बदलली आणि नायगावच्या पुढं एका फाट्यावर उतरले, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. ओळखीचं एक कुत्रंही नव्हतं. मामाचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. खोली बघायला गेले की आधी आडनाव विचारलं जाई, मग घरातून बाहेर येऊन सांगितलं जाई की खोली कालच गेली. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्यानं पत्र्याची खोली दिली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, तर त्यानंच खिळा ठोकून दिला.

आता खरं सांगायचं तर मी मास्तरकी का निवडली, ते. आमच्या घरात हात आधी उठतो, तोंड नंतर उघडतं. बाबा आम्हाला मारायचे, आई मारायची, थोरला भाऊ धाकट्याला मारायचा. शाळेत गेलं तर तिथंही तेच. हातावर वळ उठलेले असताना मी पाढे पाठ केले आणि पाढ्यांइतकाच मास्तरांचा द्वेष केला. सातवीत एक गणिताच्या बाई आल्या. त्यांनी वर्षभर कुणाला बोट लावलं नाही. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की गणित हे भीतीशिवायही येतं. तेव्हाच ठरवलं, आपण शिक्षिका व्हायचं आणि हात लावायचा नाही. हा पण करणं सोपं होतं. आमच्या घरात जन्मून तो पाळणं अवघड होतं.

कारण त्या गावात पद्धत अशी की जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालक नव्या मास्तरला फोक आणून देतात. निरगुडीची, बेशरमाची, पानं सोलून गुळगुळीत केलेली. पोराला कानाला धरून वर्गात आणायचं आणि फोक टेबलावर ठेवून म्हणायचं, "कातडं तुमचं, हाडं आमची." सगळ्यात जाड फोक मारोतराव घेऊन आले. नदीकाठच्या चांगल्या जमिनीचे मालक, बोलणं धडाधड, मिशा पिळलेल्या. त्यांची मुलगी गंगासागर तेव्हा आठवीत होती. ती त्यांच्या मागं जमिनीकडं बघत उभी होती.

"मॅडम, ही लई आळशी हाय. हाणा बिनधास्त. म्या इचारणार न्हाई."

"मी मुलांना मारत नाही," मी म्हणाले.

ते हसले. "मंग शिकवता कसं?"

सगळ्या फोका मी खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या चुलीत घातल्या. गावभर झालं. 'न मारणाऱ्या मॅडम' हे माझं नाव पडलं, आणि ते कौतुकानं पडलेलं नव्हतं. माझ्या तासाला पोरं बाकांवर उभी राहायची, शेजारच्या वर्गातले सर येऊन त्यांना बडवून जायचे. मुख्याध्यापक म्हणायचे, "आदर्श पुरस्कार मिळवायचाय का मॅडम? आधी वर्ग गप करा." हात इतका शिवशिवायचा की मी तो पाठीमागं दुसऱ्या हातानं धरून ठेवायचे. फळ्यावर लिहिताना खडू तुटायचे. खोलीवर आले की उशी बडवायचे. हसू नका, खरंच बडवायचे.

मग कधीतरी, कसं ते कळलं नाही, गंगासागरनं हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, कळलं न्हाई." वर्ग तिच्याकडं बघतच राहिला. त्या शाळेत 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे मार मागून घेणं होतं. मी ते गणित पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आणिक एकदा." तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिचा चेहरा उघडला. त्या दिवशीपासून दर तासाला कुणी ना कुणी 'कळलं नाही' म्हणू लागलं. या नोकरीत काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. पगार काय, बँकेतही मिळाला असता.

गंगासागर दहावीत गेली तेव्हा वर्गात सगळ्यात पुढं होती. एकदा मधल्या सुट्टीत एक पोरगा दुसऱ्याला मारत होता, तर ती त्याचा हात धरून म्हणाली, "मॅडमच्या शाळेत हाणायचं न्हाई." मी व्हरांड्यात उभी होते. मला मुरुडच्या स्टँडवरचं सगळं माफ झाल्यासारखं वाटलं.

मार्चमध्ये परीक्षा आली. आमच्याकडची दहावीची परीक्षा तुम्हाला माहीत आहे. आत पोरं लिहितात आणि बाहेर सगळा गाव परीक्षा देतो. इंग्रजीच्या पेपरला मी गंगासागरच्याच खोलीवर पर्यवेक्षक होते. अर्धा तास झाला नसेल, तोच कंपाउंडच्या भिंतीवर माणसं चढली. एकच हवालदार, तो काठी आपटत एका बाजूला धावला की दुसऱ्या बाजूनं दगड यायचे. गाईडची पानं दगडाला गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. खिडक्यांना गज होते, काचा कधीच फुटून गेल्या होत्या. मी ओरडत होते, पानं गोळा करत होते, पोरं बाकाखाली वाकत होती. गंगासागर खिडकीपाशी बसून आपलं आपण लिहीत होती. तिला कुणाच्या पानाची गरज नव्हती.

तो दगड तिच्या भुवईवर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज आला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती उत्तरपत्रिकेवर वाकली, आणि रक्त कागदावर ठिबकू लागलं. मी धावले, माझी ओढणी तिच्या कपाळावर दाबली. तेवढ्यात गजाला दोन हात आले आणि गजामागं मारोतरावांचा चेहरा. दगड त्यांनीच मारला होता. स्वतःच्या पोरीसाठी, स्वतःच्या हातानं.

"लागलं का गं? लागलं का?" ते विचारत होते. चेहरा पांढराफटक पडला होता. आणि पुढच्याच श्वासात म्हणाले, "अगं ते पान उचल आधी! पैल्या दोन प्रश्नांचं हाय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या खोलीतल्या सरांना हाक मारली, गंगासागरला त्यांच्याकडं सोपवलं आणि मी बाहेर पडले. व्हरांडा ओलांडला. मारोतराव माझ्याकडं वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मी मारलं. एक नाही. टोपी उडाली, ते खांबावर आदळले, ओठ फुटला, तरी मारत राहिले. इतक्या वर्षांचे सगळे हात त्या एका माणसावर उतरले. आणि मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते. हवालदारानं मला दंडाला धरून ओढलं तेव्हा भिंतीवरची माणसं टाळ्या वाजवत होती.

गंगासागरनं दवाखान्यात जायला नकार दिला. "पेपर होऊ द्या, सर." एक डोळा मिटून तिनं पेपर पुरा केला, मगच नायगावला जाऊन टाके घालून घेतले. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. दुखत असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी माझ्या पत्र्यावर दगड पडले. मारोतरावांचे पुतणे बाहेर उभं राहून माझ्या जातीचा उद्धार करत होते. गवंडीबाबा दारात खुर्ची टाकून बसले म्हणून दार शाबूत राहिलं. मुख्याध्यापकांचा फोन आला. "रजा टाका मॅडम, मुरुडला जा. तक्रार झाली तर निलंबन होईल. याच कारणावर बदलीचं बघू, तुमचंही काम होईल." मग बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते मोठ्यानं हसले. "माह्यावर गेलीस बघ! माही लेक! थांब, चार माणसं घेऊन येतो." मी येऊ नका म्हणाले, फोन ठेवला आणि रडले. पत्र्यावरच्या दगडांनी रडू आलं नव्हतं. बाबांच्या कौतुकानं आलं.

दुसऱ्या दिवशी आणखी वाईट झालं. गाव माझ्याशी गोड वागू लागलं. ज्या बायकांनी कधी चहाला बोलावलं नव्हतं त्या नळावर थांबून म्हणाल्या, "बरं केलं अक्का, असंच पायजे होतं त्याला." शाळेतले सर म्हणाले, "आता जमलं तुम्हाला." इतकी वर्षं मन लावून शिकवलं त्यानं जे मिळालं नाही, ते एका माणसाचा ओठ फोडून मिळालं. मी बॅग भरायला घेतली. न मारणाऱ्या मॅडम मीच संपवल्या होत्या, मग तिथं राहून करायचं काय?

बॅग अर्धी भरली असेल तेव्हा मारोतराव आले. गल्ली थांबली. मी उंबऱ्यात उभी राहिले, आता मार बसणार हे धरूनच. त्यांचा ओठ सुजलेला होता, आणि मागं गंगासागर होती, कपाळाला पट्टी, तशीच जमिनीकडं बघत.

"मॅडम, मारलं ते मारलं," ते हळू म्हणाले. "पुतण्यांना म्या सांगितलंय, तुमच्या दारात परत दिसले तर टंगड्या तोडीन. पण ही पोरगी कालपासून तोंड उघडंना. जेवंना. सोमवारी गणित हाय, पेपरला बसत न्हाई म्हणून मान हलवून राहिली. तुमचं ऐकती ती. बापाला माफ कर म्हणा तिला."

मी खाली उतरले. "गंगासागर, तुझे बाबा चुकले. त्यांना कळलंय."

तिनं मान वर केली. एक डोळा सुजून बंद झाला होता, दुसऱ्यानं ती माझ्याकडं बघत होती.

"दादांवर माहा राग न्हाई," ती बापाकडं बोट करून म्हणाली. "त्यांचा दगड मला लागावा म्हणून न्हवता मारला, मॅडम. तुमचा हात त्यांना लागावा म्हणूनच उठला होता."

मारोतराव तिला गप करायला पुढं झाले, मी त्यांना थांबवलं. 'तुझ्यासाठीच मारलं' हे ओठांवर आलं होतं, आणि हे वाक्य मी कुठं ऐकलंय ते आठवून ते गिळलं. माझ्या घरात प्रत्येक माराबरोबर हेच वाक्य यायचं.

मी मारोतरावांसमोर हात जोडले. सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "मी तुमच्यावर हात उचलायला नको होता. माझं चुकलं." ते इतके गडबडले की काय करावं त्यांना कळेना. "असं काय मॅडम, असं काय," म्हणत ते मागं सरकले. आजवर त्यांची कुणी माफी मागितली नसावी. गंगासागर तशीच उभी होती. मग तिनं विचारलं, "सोमवारी माह्या खोलीवर कोण असणार?"

"मी नसेन. माझाच विषय आहे ना, नियमात बसत नाही."

"मंग तुम्ही दारापाशी थांबा," ती म्हणाली, आणि बापाच्या आधी वळून चालू लागली.

सोमवारी गंगासागर पेपरला बसली आणि मी शाळेच्या दारापाशी थांबले. भिंतीवर माणसं चढली, दगड पडले, एक माझ्या खांद्याला लागला. मी हात पाठीमागं धरून उभी राहिले.

बदलीचं पोर्टल त्यानंतर उघडलं आणि बंदही झालं. मी अर्ज भरला नाही म्हणून आई अजून फोनवर रडते. आई, मुरुड मला परकं झालेलं नाही. तिथं गेले की बाबा चारचौघांत माझा हात धरून वर करतात आणि त्या माराची गोष्ट सांगतात, आणि सगळे हसतात. मीही हसते. पण तिथं माझ्या हाताचं कौतुक आहे. इथं त्याचा जाब मागणारी एक पोरगी होती, आणि तिच्यामागून आलेली, तिचं बघून शिकलेली पोरं अजून वर्गात बसतात. आता नांदेडच्या स्टँडवर कंडक्टरनं "कुठं, मॅडम?" विचारलं की मी नायगावच्या पुढचा फाटा सांगते आणि म्हणते, घरी.