अण्णाने आणलेली जोडी

समस्त सोलापूरकरांस, आणि त्यातही ज्या बायकांना थोरला भाऊ आहे त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आठ आणि आठ सोळा होत नाहीत. निदान ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तरी होत नाहीत. ही गोष्ट मी माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, आधी शांतपणे, मग हातवारे करून आणि शेवटी ओरडून सांगितली होती. तरी त्याने जे करायचं तेच केलं. त्याला आता बरेच महिने झाले, पण माझा राग अजून ताजा आहे. मी तो मुद्दाम जपलाय. इतका चांगला राग रोज रोज मिळत नाही.

मी टॉवेलची डिझाइनं करते. खाली अण्णाचा यंत्रमागाचा कारखाना, वर माझी खोली. खालून असा खडखडाट येतो की माझा माउस टेबलावर आपोआप सरकतो. पूर्वी मी डिझाइन करायचे, अण्णा नमुना विणायचा आणि नमुना पार्सलने जायचा. आता गिऱ्हाइकाला टॉवेल विणायच्या आधीच बघायचा असतो. हॉटेलची खोली, पांढराशुभ्र पलंग, त्यावर घडी घातलेला टॉवेल, आणि त्या टॉवेलाचा धागान् धागा उभा राहिलेला, हे सगळं कॉम्प्युटरात बनवून चित्र पाठवायचं. मुंबईच्या एका एजंटाने आखातातल्या हॉटेलांसाठी अशीच चित्रं मागितली होती. पसंत पडली तर मोठी ऑर्डर. त्या वेळी अण्णाचे निम्मे माग बंद होते. कारखान्यात शिरलं की एका बाजूला खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला नुसती कबुतरं. ती ऑर्डर आम्हाला हवीच होती.

माझं जुनं कार्ड अशी चित्रं करताना मध्येच मान टाकायचं. मेमरी संपली म्हणायचं आणि गप्प. मी चौकशी केली. आमच्या ऐपतीत दोन गोष्टी बसत होत्या: सोळा जीबी मेमरीचं एक कार्ड, नाहीतर आठ-आठची दोन. मी एक घ्यायचं ठरवलं. पण अर्धे पैसे अण्णाचे, त्यामुळे अर्धी अक्कलही त्याचीच.

"एकच?" अण्णा असा दचकला, जणू मी कार्ड नाही, एका पायाची चप्पल घेत होते.

आमच्या विणकरांच्या घरात माग कधी एकटा घेत नाहीत. विणणारा दोन मागांच्या मधल्या बोळात उभा राहतो. इकडचा धागा तुटला तर तो जोडेपर्यंत तिकडचा चालू. पूजा दोघांची एकत्र, नारळ दोघांत एक.

"एक बंद पडलं तर काय करशील? हात बांधून बसशील?"

"अण्णा, हा माग नाही."

"मशीन ते मशीन. जोडीनं घे की."

मी नाही म्हटलं. विषय संपला असं मला वाटलं. मग मी एका लग्नाला होटगीला गेले. गाव जवळ, जेवण उत्तम, संध्याकाळी घरी परत. खोलीत पाऊल टाकते तर कापराचा वास! माझ्या टेबलावर पाट, पाटावर दोन कार्डं शेजारी शेजारी, नवरा-नवरीसारखी. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, फुटलेला नारळ. वहिनी ओवाळत होती. अण्णा हात जोडून उभा.

"दुकानदार म्हणाला, आठ आणि आठ सोळाच होतात," अण्णा अभिमानाने म्हणाला. "आणि एक बंद पडलं तर दुसरं हाय."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनीने मात्र ओवाळणं पूर्ण केलं.

कार्डं बसवली. कॉम्प्युटर चालू झाला तसे पंखे गरगरले आणि त्यांनी डब्यात सगळीकडे कुंकू उधळलं. खोली अशी तापली की मे महिन्यातलं अख्खं सोलापूरच आत आलं. मी हॉटेलची खोली उघडली. मेमरी संपली. पुन्हा उघडली. पुन्हा तेच. चित्र लहान असतं तर दोघांनी मिळून ते झटपट केलं असतं, हे मला मान्य. पण अख्खं चित्र प्रत्येक कार्डाला स्वतःच्या पोटात घ्यावं लागतं, अर्धं तुझं अर्धं माझं चालत नाही.

"अण्णा," मी दात ओठ खात विचारलं, "डबलबेडची चादर विणायचीय. तुझ्याकडे दोन अरुंद माग आहेत. शेजारी शेजारी लावले तर निघेल?"

"कशी निघेल? दोन अरुंद चादरी निघतील."

"मग?"

त्याने कार्डांकडे पाहिलं. मग तो आमच्या घरच्या तेलुगूत बोलू लागला. फार चिडला की तो तेलुगूत जातो. विषय दुकानदाराचं घराणं हा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही दुकानात. दुकानदाराने कार्ड उलटंपालटं केलं, बोटाला लागलेला लाल रंग पाहिला आणि डोळे मिटून म्हणाला, "ताई, कुंकू लावलेला माल परत घेत नाही."

"दोन आठ सोळा म्हणून तूच सांगितलं की!" अण्णा गरजला.

"गणितात होतात की, अण्णा."

मी त्याच्या अंगावर धावून जाणार, एवढ्यात वहिनीने त्याच्या बिलाच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. त्यावर दसऱ्याच्या पूजेचं गंध, कुंकू आणि वाळलेलं आपट्याचं पान अजून तसंच होतं. "ते बिघडलंय का हो? मग आमचंच कसं बिघडलं?" गिऱ्हाइकं हसायला लागली. दुकानदाराने थोडे पैसे कापून का होईना, जोडी परत घेतली आणि सोळाचं एक कार्ड दिलं.

आणि काय कार्ड होतं ते! अख्खी खोली पोटात घेतली आणि ढेकरही दिला नाही. मी इतकी खूश झाले की चित्रातल्या टॉवेलाचे धागे थोडे उंच आणि दाट केले, मग आणखी थोडे, मग आणखी. असा लुसलुशीत टॉवेल की बघताच गाल टेकवावा. एजंटाला व्हिडिओ कॉल लावला. अण्णाला मागे उभं केलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. एजंट मराठीच. चित्र पाहून म्हणाला, "वा! हेच हवंय, अगदी हाच टॉवेल."

ऑर्डर आम्हाला पुढे मिळाली, पण निम्मी, आणि तीही साध्या पातळ टॉवेलांची. बंद मागांतले काही सुरू झाले, बाकीचे कबुतरांकडेच राहिले. कारण त्या क्षणी अण्णाने चष्मा लावला, माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनवर बोट फिरवलं, आणि जन्मभर मागांच्या आवाजावर बोलून कमावलेल्या त्या गळ्याने, मुंबईपर्यंत फोनशिवायही ऐकू जावं असं, ओरडला:

"अगं, एवढा दाट टॉवेल आपल्या मागावर निघतच नाही की!"