एकवीस वेळा दाबलेली जाहिरात

"फोन लावून बघू," असं म्हणून ते खिशातून मोबाईल काढायचे, सदऱ्याच्या टोकाने त्याची काच पुसायचे आणि नंबर लावायचे. कुणी काहीही सांगो, समोरच्याशी बोलल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला त्यांचा थोडा कंटाळा येतो, आणि अडचणीत मात्र आपण त्यांनाच शोधत जातो.

आम्ही त्यांना संपादक म्हणायचो. देवळाली प्रवरा इथल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर भाच्याकडून एक वेबसाइट काढून घेतली. शेतीपंपाची वीज या आठवड्यात दिवसा की रात्री, राहुरीला कांदा काय भावाने गेला, कोणती एसटी बंद झाली, कुणाची गाय सापडली आणि कोण वारलं, एवढंच त्यात असायचं. आजूबाजूची दहा-बारा गावं सकाळी चहाबरोबर ती साइट उघडायची. निधनाच्या बातमीला ते पैसे घेत नसत, पण घरी फोन केल्याशिवाय ती लावतही नसत.

एकदा मोबाईलवर एका गृहस्थाची निधनवार्ता फोटोसकट आली. संपादकांनी सवयीने फोन लावला, तर तो मयतानेच उचलला. "तुमी गेले असं कळवलंय कुनीतरी, म्हनून इचारलं," संपादक शांतपणे म्हणाले. ती बातमी कुणी पाठवली हे विचारायला तो गृहस्थ पुढे आठवडाभर रोज त्यांच्याकडे चहाला येत होता. संपादकांनी चहा दिला, नाव दिलं नाही.

माझा त्यांच्याशी संबंध इंग्रजीमुळे आला. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. इंग्रजी शिकवणारा माणूस निवृत्त होत नाही, फक्त घंटा वाजायची थांबते. पासपोर्टचे अर्ज, विम्याची पत्रं, नातवाच्या प्रवेशाचे फॉर्म असं सगळं गाव माझ्या ओसरीवर येऊन बसतं. मी वैतागतो आणि लिहून देतो. संपादकही असेच आले, एका जाहिरात कंपनीचं इंग्रजी पत्र घेऊन.

ही कंपनी परदेशातली. ती साइटवर आपणहून जाहिराती लावायची. वाचकाने जाहिरातीवर बोट दाबलं की साइटवाल्याच्या नावावर थोडं काही जमा व्हायचं. तेवढ्यावरच संपादक साइटचं वर्षाचं भाडं भरायचे. अट एकच होती, वाचकाने आपल्या मनाने दाबलं पाहिजे. मालकाने दाबा म्हणायचं नाही, कुणाला म्हणू द्यायचं नाही. ही अट एका लांबलचक करारात होती आणि संपादकांनी त्या कराराखाली 'मान्य' एवढंच दाबलं होतं. सोसायटीत आयुष्यभर दुसऱ्यांना "वाचून सही करा" म्हणणारा हा माणूस.

घोटाळा झाला तो सप्ताहात. काल्याचं कीर्तन आटोपलं, पंगती बसल्या, आणि आभार मानणाऱ्याला माइक सोडवेना. तो म्हणाला, "आपले संपादक गावाची एवढी शेवा करत्यात, कुनाकडून रुपया घेत न्हाईत. साइटवर जाहिरात दिसली की समद्यांनी दाबा. त्यांना तेवढाच हातभार." संपादक तेव्हा पंगतीत आमटी वाढत होते. त्यांनी बादली खाली ठेवली, सगळ्यांकडे वळले आणि हात जोडले. मी समोरच जेवत होतो.

मग गावाने जाहिराती दाबल्या. पण गाव कसं दाबणार? वर एक ठेवल्याशिवाय आपल्याकडे कुणी काही देत नाही. त्यामुळे कुणी अकरा वेळा दाबली, कुणी एकवीस वेळा, आणि ज्यांच्या घरच्या मयताची बातमी संपादकांनी लावली होती त्यांनी एक्कावन्न वेळा. आमच्या शेजारच्या म्हातारीने तर मोजण्यात चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून एकवीस केले. कंपनीच्या यंत्राला दिसलं ते एवढंच, की एका दुपारी एका गावातले शेकडो मोबाईल तीच जाहिरात ठरल्यासारखी मोजून दाबताहेत. त्याला आहेर कसा कळावा? त्याने खातं बंद केलं आणि तीन महिन्यांची जमा अडकवून ठेवली.

त्या पत्रात अवैध हालचाली असा शब्द होता. संपादकांनी अर्थ विचारला.

"म्हंजे लबाडी का?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

ते म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या, सर. पन मला चोर म्हनले." मग त्यांनी मोबाईल पुसला. "नंबर द्या. फोन लावून बघू."

नंबर नव्हता. आम्ही पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं, कंपनीची साइट धुंडाळली. "एवढी मोठी कंपनी आन् फोन न्हाई? सही तरी कुनाची हाय?" मी म्हणालो, सही नाही, 'आपली टीम' असं लिहिलंय. "टीममधला कोन?" एक अर्ज तेवढा भरता येत होता आणि त्यात मोजकीच अक्षरं मावत होती.

अर्जात प्रश्न होता, वाचकांना जाहिराती दाबायला तुम्ही सांगितलं होतं का. मी 'नाही' लिहायला लागलो तसे ते म्हणाले, "सांगितलं न्हाई, पन हात जोडले. ते बी लिवा." मी लिहिलं. तेवढ्या जागेत सप्ताह, पंगत आणि एकवीसचा हिशोब इंग्रजीत बसवताना माझा घाम निघाला. आमटीला मी डाळीचं सूप म्हटलं आणि माझीच मला लाज वाटली. दोन दिवसांत उत्तर आलं. निर्णय कायम. एवढ्या लवकर कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

नंतरचे दोन महिने ते कमी बोलायचे. साइटचं भाडं भरायची वेळ जवळ येत होती. बाजारात लोक विचारायचे, जाहिराती का दिसत नाहीत, आम्ही तर रोज दाबायला तयार आहोत. ते म्हणायचे, "मशीन बिघडलंय." तुमच्यामुळेच बंद पडलं, हे त्यांनी एकालाही कळू दिलं नाही.

शेवटचा एक अर्ज करता येत होता. त्या दिवशी माझ्या ओसरीवर आधीच तिघं बसले होते, माझे गुडघे दुखत होते आणि मी खरोखर थकलो होतो. मी म्हणालो, "हे बघा, हात जोडल्याचं यावेळी राहू द्या. त्यांना त्यातलं काही कळत नाही. तेवढं एक वाक्य काढलं तर सुटाल."

"मी कारकून मानूस हाय, सर. कागदावर एक आन् मनात एक, हे मला जमत न्हाई. मला सुटायचं न्हाई. त्यांना कळाय पायजे."

मी टाइप करत गेलो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कुणा खोडसाळांनी परस्पर केलं, तुमच्या पत्रामुळेच मला कळलं, असं चांगल्या वळणदार इंग्रजीत लिहिलं. "वाचून दाखवा," ते म्हणाले. मी स्क्रीनकडे बघत मराठीत वाचून दाखवलं. सप्ताह, आमटीची बादली, जोडलेले हात. एकेका वाक्याला ते मान हलवत होते. "बराबर. आता दाबा." मी दाबलं.

खातं सुरू झालं. त्या दुपारचं कापून बाकीची जमाही मिळाली. संपादक राहात्याचे पेरू घेऊन आले. पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाले, "बघा सर, खरं लिवलं म्हनून त्यांनी मानलं. कुनीतरी वाचलं आसंल का न्हाई?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्या अर्जाची छापील प्रत त्यांनी मागून नेली आणि श्रीरामपूरहून काच लावून आणली. साइटवर सगळ्यात वर एक ओळ घातली, 'कृपया प्रेमापोटी जाहिरात दाबू नये.' अख्खा तालुका तिच्यावर हसला, पण लोकांनी ऐकलं.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. एकदा एसटी स्टँडवर ते कुणाला तरी माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "आपले सर लई सरळ मानूस. इंग्रजीत बी खरंच लिवत्यात." त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जायचं टाळू लागलो. भेट रस्त्यात व्हायची आणि मी कामाचं निमित्त काढायचो.

यंदा थंडीत ते गेले. सकाळी कांद्याचे भाव टाकता टाकता छातीत कळ आली, एवढंच झालं. चौथ्या दिवशी मी बसायला गेलो. बाहेरच्या खोलीत सोसायटीतली दोन-चार माणसं होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर अर्जाची ती काच टांगलेली होती.

जरा वेळाने वहिनी म्हणाल्या, "सर, ह्ये येनाऱ्या-जानाऱ्याला त्ये दाखवायचे. पन आमाला कुनालाच इंग्रजी वाचता येत न्हाई. एकदा वाचून दावता का? समदे बसलेत तवर."

मी उठलो. काचेजवळ गेलो. माझंच इंग्रजी होतं, एकही चूक नव्हती. सोसायटीतल्या एकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि त्यात नव्हतं ते सगळं शेवटपर्यंत वाचून दाखवलं.