खडूमास्तरांनी गाडी हुंगलीच नाही

खडूमास्तर शाळेत तिसरीपुढे गेले नव्हते. मास्तर ही पदवी त्यांना गॅरेजात मिळाली, तीही कानामागच्या खडूमुळे. सुताराच्या कानामागे पेन्सिल असते ना, तसा यांच्या कानामागे पांढरा खडू. घामानं विरघळून मानेवर ओघळ यायचे, पण खडू काही जागचा हलायचा नाही. त्या खडूनं त्यांनी काय काय शोधून काढलं ते सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही, पण सिस्टरांच्या गाडीचं सांगितल्याशिवाय सुटका नाही.

सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या. तीस वर्षांत हजारभर पोरांनी पहिला टाहो फोडला तो त्यांच्या हातावर. त्यांची जुनी गाडी म्हणजे चालता दवाखानाच, आणि तिला आता पेट्रोलचा वास येत होता. तीन गॅरेजं झाली. कुणी इंजिनाजवळची नळी बदलली, कुणी दिसेल तो स्क्रू आवळला. गाडी दोन दिवसांनी घरी यायची ती वास घालवूनच. सिस्टर खूश! आणि एक-दोन दिवसांत सकाळी दार उघडावं, तर पुन्हा तोच भपकारा.

एरवी त्यांनी काचा उघड्या टाकून दिवस रेटले असते. पण घरात त्यांची लेक दिवस भरून बसली होती. पोटातलं मूल आडवं होतं, आणि मोठा दवाखाना डोंगरापलीकडे, दोन तासांवर. उद्या भरती व्हायचं होतं.

"आई, मी चालत जाईन," लेक म्हणाली, "पण तुझ्या त्या रॉकेलच्या पिंपात बसायची नाही."

"रॉकेल नाही गं, पेट्रोल."

"मग तर मुळीच नाही! एखादी ठिणगी पडली म्हणजे?"

जगाला धीर देणाऱ्या सिस्टरांनी गाडीची किल्ली उचलली. त्या सकाळीच मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या.

आधीचे तिघे गाडीत शिरताच नाक वर करून हुंगत सुटले होते. मास्तरांनी चारी दारं उघडली, बॅटरीची वायर सोडवली आणि जुन्या टायरवर बैठक मारली.

"वास कधी येतो, सिस्टर?"

"सकाळी. दुपारपर्यंत फिरून आले की कमी होतो."

"टाकी किती भरता?"

"गळ्यापर्यंत! बोलावणं कधी येईल सांगता येतं का? रोज संध्याकाळी भरते, मगच घरी."

"आणि गाडी उभी कुठं?"

"दारासमोरच्या चढावर. तोंड वर करून."

मास्तर स्वतःशीच हसले. "त्या तिघांनी आधी टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं असेल?"

"हो, जपून काम करायचं म्हणून."

"मग बरोबर आहे. चोर बाहेर गेल्यावर घराची झडती घेतली."

त्यांनी गाडीचं पोट धुतलं, पुसलं, कोरडं केलं. मग कानामागचा खडू काढून टाकी, नळ्या, सांधे असे पांढरे केले, की गाडी रंगपंचमीला निघाल्यासारखी दिसू लागली. गाडी ढकलून अंगणाच्या उतारावर तोंड वर करून उभी केली आणि कॅनमधून टाकी काठोकाठ भरली.

"ए, तुझी आतषबाजी तासभर बंद ठेव!" त्यांनी शेजारच्या वेल्डरला हाक मारली.

"का, मास्तर, परीक्षा आहे?"

"आहे. तू नापास झालास तर आपण सगळे एकदमच वर जाऊ."

तासभर दोघं लांब बसून राहिले. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या, मास्तर खडूकडे. आणि मग टाकीच्या तोंडापासून खाली येणाऱ्या जाड रबरी नळीवर, वाकणाच्या आतल्या बाजूला, एक ओली रेघ उमटली. केसाएवढी. पेट्रोल उडून जातं हो, पण पांढऱ्यावर आपला माग सोडून जातं!

मास्तरांनी टाकी रिकामी केली आणि नळी काढून वाकवली. वाकवली तशी तिच्यात एक भेग उघडली. सरळ केली की भेग गायब. टाकी अर्धी असली की तिथं पेट्रोल पोचतच नव्हतं. काठोकाठ भरून चढावर उभी केली की रात्रभर थेंब थेंब गळायचं, आणि डिकीच्या तळाचं एक रबरी बूच पडलं होतं, त्या भोकातून वास आत शिरायचा. तीस वर्षं ज्या काळजीपोटी टाकी भरली, त्याच काळजीनं वासाला वाट दिली होती.

नवी नळी आली, दोन पट्ट्यांनी आवळली, बूच बसलं. पुन्हा खडू, पुन्हा काठोकाठ टाकी, पुन्हा तासभर. खडू पांढराशुभ्र.

"आता तुम्ही आत बसून हुंगा," मास्तर म्हणाले.

"तुम्हीच बघा की आधी."

"मला काय कळतंय? सात वर्षांपूर्वी एक ताप आला, जाताना नाकातला वास घेऊन गेला. पेट्रोल आणि पाणी मला सारखंच. घरी बायकोला ठाऊक आहे, आता तुम्हाला."

तीन धडधाकट नाकं हरली होती, आणि ज्याला वासच येत नाही त्यानं वासाचं घर शोधलं होतं, नुसतं विचारून आणि वाट बघून! हजार जन्म पाहिलेल्या त्या बाईनं दोन्ही हात जोडले. मग गाडीत बसून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. जुन्या सीटचा वास, औषधाचा वास. बस्स.

दुसऱ्या दिवशी लेक नाकाला रुमाल लावून गाडीत बसली. पहिल्या वळणावर रुमाल सैल झाला, दुसऱ्यावर मांडीवर आला, आणि डोंगराच्या माथ्यावर तर ती चक्क घोरत होती.

महिन्याभरानं सिस्टर नातीला घेऊन गॅरेजात आल्या. मास्तरांनी हात तीनदा धुतले, वाकले, आणि नाक तिच्या टाळूजवळ नेऊन बराच वेळ थांबले.

"कसा येतो हो हा वास?" त्यांनी हळूच विचारलं.

सिस्टरांनी वाकून पुन्हा एकदा टाळू हुंगला. हजार टाळू हुंगलेल्या त्या बाईला एक शब्द सापडेना.

"राहू द्या," मास्तर हसून कानामागं हात नेत म्हणाले, "इथं खडूही चालायचा नाही."

तेवढ्यात पोरीनं त्यांचं नाक मुठीत गच्च पकडलं, आणि काही केल्या सोडेना.