गाळलेल्या शब्दाची चांदणी

आमच्या नाटक मंडळीत तिला सगळे कुजबूज म्हणत. ती प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द असा पोचवायचा, की पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता लागू नये. टाळ्या मी पुष्कळ घेतल्या, पण त्यातल्या निम्म्या तरी तिच्या होत्या, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

मंडळी बंद पडली तेव्हा मी आरशासमोर बसून उसासे टाकले. ती मात्र एका वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात लागली. वार्ताहर विचारतील ती जुनी बातमी शोधून द्यायची. कात्रणं गेली, संगणक आले, ती तिथेच राहिली. मला म्हणायची, "शोधताना आपला प्रश्न टाकायचा नाही गं. ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने ते कसं लिहिलं असेल, तसं टाकायचं." मी मान डोलवायचे. कळायचं काही नाही.

कळलं ते तिचा मोठा भाऊ नाहीसा झाला त्या दिवशी.

दादा आमच्याच मंडळीतला नट. हल्ली त्याची आठवण फाटक्या पडद्यासारखी झाली होती, मधूनच पलीकडचं दिसायचं. सकाळी त्याने इन्सुलिन टोचून घेतलं आणि त्याचा मुलगा अंघोळीला गेला तेवढ्यात दार उघडून निघून गेला. नाश्ता टेबलावर जसाच्या तसा. मी पोचले तेव्हा डॉक्टरांचा फोन होऊन गेला होता. इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला की रक्तातली साखर उतरत जाते. आधी घाम, मग थरथर, मग शुद्ध हरपते. दुपार कलली होती.

पोलिसांत कळवून झालं होतं. मुलाने फोटो आणि आपला फोन नंबर टाकून 'बेपत्ता' अशी सूचना केली होती आणि ती दिसेल त्या गटात पाठवली होती. आता तो गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता आणि कुजबूज, त्याची आत्या, टेबलाशी संगणकावर वाकली होती.

"आत्या, उठा ना. बाबा काय त्या डब्यात बसलेत?"

"गाडी कुठल्या दिशेला नेणार आहेस?"

त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"मग थांब जरा. मावशींना पाणी दे."

मावशी म्हणजे मी. पाणी कुणी दिलं नाही, मीही मागितलं नाही.

पडद्यावर जिकडेतिकडे दादाच दिसत होता. पोराची सूचना इतक्या लोकांनी पुढे पाठवली होती, की दुसरं काही वर येईना. तिने त्याचा फोन नंबर लिहिला आणि त्याच्याआधी, मध्ये जागा न सोडता, वजाबाकीची खूण दिली. "आपली प्रत्येक सूचना या नंबराची आहे. नंबर वजा केला, की आपण सगळे बाजूला." खरंच, सगळे दादा एका फटक्यात गेले.

मग तिने 'बेपत्ता' खोडलं. "बेपत्ता तो आपल्याला आहे. ज्यांच्यासमोर तो बसलाय, त्यांना अनोळखी आहे." तिने 'अनोळखी' लिहिलं, 'वृद्ध' लिहिलं, पुढे 'site:' आणि त्याला चिकटून सरकारी रुग्णालयाच्या साइटचा पत्ता दिला, म्हणजे तेवढ्याच साइटवर शोध होतो. एक लांबलचक पान उघडलं. पानातल्या पानात शब्द शोधायला कंट्रोल आणि एफ दाबून तिने 'पांढरा' टाकलं, कारण सकाळी दादाच्या अंगात पांढरा सदरा होता. एक ओळ पिवळी झाली. अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर, पांढरा सदरा, मृत.

मुलगा भिंतीला टेकला. रंगमंचावर मी अनेकदा विधवा झाले आहे, पण तसा श्वास कुणाचा ऐकला नव्हता.

"तारीख बघ," कुजबूज म्हणाली. तिने ओळीच्या टोकाला बोट ठेवलं. "गेल्या वर्षीची आहे. माझं चुकलं, आधी तारखेची चाळणी लावायला हवी होती." तिने फक्त शेवटच्या चोवीस तासांतलं दाखव असं निवडलं आणि आम्ही पुन्हा रिकामे झालो.

"नाव सांगितलं असेल त्यांनी," मुलगा म्हणाला. "नाव टाका."

"काल मला विचारत होता, तुमचं नाव काय म्हणून. स्वतःचं काय सांगणार?" ती माझ्याकडे वळली. "हल्ली काय बडबडतो तो? तू परवा बसली होतीस ना त्याच्याजवळ?"

मी म्हटलं, "दीपगृहाचं नाटक. दुसरं काय."

त्या नाटकात दादा दीपगृहाचा रखवालदार होता. एकच प्रवेश, एकच वाक्य. "काळोख पडायच्या आत दिवा लागला पाहिजे." मग कंदिलाशेजारचा पेला उचलून एका दमात संपवायचा आणि जिना चढायचा. पेल्यात कुजबूज स्वतः सरबत करून ठेवायची. मी म्हटलं, हेच वाक्य टाक. तिने ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घातलं. काही नाही.

"अगं, पण हे वाक्य तो कधी बरोबर म्हणाला होता?" ती एकदम म्हणाली.

खरंच की. पहिला शब्द त्याला कधीच आठवला नाही. 'पाऊस पडायच्या आत' म्हणाला होता, एकदा 'छप्पर पडायच्या आत' म्हणाला, तेव्हा थिएटर दोन मिनिटं हसत होतं. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला तो शब्द विंगेतून जायचा.

तिने 'काळोख' पुसला आणि तिथे चांदणी ठेवली, ताऱ्यासारखी ती खूण. "इथे कुठलाही शब्द चालेल म्हणून सांगितलंय." बाकीचं वाक्य तसंच, अवतरणचिन्हांच्या आत.

एकच ओळ आली. एका बंदरगावच्या रहिवाशांचं पान. बोटीच्या तिकीट खिडकीवरच्या कुणी लिहिलं होतं: 'धक्क्यावर एक आजोबा सकाळच्या बोटीने उतरले ते तेव्हापासून बसून आहेत. नाव सांगत नाहीत. सारखं म्हणतात, पडदा पडायच्या आत दिवा लागला पाहिजे. कुणाच्या ओळखीचे आहेत का?'

मुलगा जिन्यात पोचलासुद्धा. पण खाडीपलीकडचं ते गाव गाडीने लांब होतं, आणि त्या मजकुरात फोन नंबर नव्हता. तिने बोटीच्या कंपनीची साइट धरली, तेवढ्यातच 'तिकीट खिडकी' आणि 'संपर्क' शोधलं, आणि आलेला नंबर मी माझ्या फोनवरून, स्पीकर चालू करून लावला.

"आहेत, इथेच आहेत," तिकीटवाला म्हणाला. "पण घामाने भिजलेत हो. हात कापतायत. दवाखान्याची गाडी बोलावलीय."

"साखर द्या," कुजबूज म्हणाली. "सरबत, काहीही गोड. आत्ता."

"शीतपेयाचा ग्लास कधीचा समोर ठेवलाय. तोंडाला लावत नाहीत. ड्युटीवर आहे म्हणतात."

तिने डोळे मिटले. "फोन त्यांच्या कानाला लावा. आणि ग्लास त्यांच्या उजव्या हाताशी ठेवा."

मी तिच्या शेजारीच बसले होते, तरी मला जेमतेम ऐकू आलं. इतकी वर्षं झाली, आवाज तोच.

"काळोख."

पलीकडे वारा होता, पाण्याचा आवाज होता. मग दादा. घशातून, पण पल्लेदार. "काळोख पडायच्या आत दिवा लागला पाहिजे."

पुढे काहीच ऐकू येईना. मी तिचं मनगट धरलं होतं की तिने माझं, आठवत नाही.

"प्यायले," तिकीटवाला म्हणाला. "एका दमात. आता उठू बघतायत, कुठला तरी जिना विचारतायत."

"उठू देऊ नका. अजून एक ग्लास द्या. त्यांचा मुलगा निघालाय."

मी खिडकीकडे धावत, खाली गाडी काढणाऱ्या मुलाला बाबा गोड प्यायले म्हणून ओरडून सांगितलं. परत आले तेव्हा फोन अजून चालूच होता आणि दादा बोलत होता, दमलेला, जरा रागावलेला.

"कोण, कुजबूज का? आज फार उशिरा दिलास शब्द."

"गर्दी होती रे दादा," ती म्हणाली. "तू पी."