मुनिरकाला केलेला फोन

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बोलता येतंय. ओळखीच्या माणसांत हे कधी तोंडातून निघालं नाही. नवऱ्यासमोर नाही, सख्ख्या बहिणीसमोरही नाही. दोनदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं. दोन्ही वेळा मी चहा टाकायला उठले.

मी सरकारी नोकरीत आहे. दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहते. ही गोष्ट घडली तेव्हा नवऱ्याची बदली भोपाळला झाली होती. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी मुलगी सानिका. ती तेव्हा अकरावीत होती. सोळा वर्षांची.

ऑफिसात जेवणाचे डबे उघडले की आम्हा बायकांचा एकच विषय असायचा: आजकालची मुलं. कुणाचा मुलगा खोलीचं दार लावून अनोळखी लोकांशी गेम खेळतो, कुणाची मुलगी आरशासमोर रील बनवते. ‘हमारे ज़माने में’ असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीच्या माना डोलवायच्या. मीही डोलवायचे. आमच्या वेळी काय होतं, तर दोन ब्लॉकच्या मधे बिननेटचं बॅडमिंटन, लाइट गेली की अंताक्षरी...

आणि आणखी एक गोष्ट होती. ती मी डब्यावर कधीच काढली नाही. पंधराव्या वर्षी मी मासिकातल्या पत्रमैत्रीच्या सदरातून कोचीच्या एका मुलाचा पत्ता घेतला होता. दीड वर्ष त्याला पत्रं लिहिली. वय एकोणीस सांगितलं होतं! त्याची पत्रं पोस्टमन आईच्या हातात द्यायचा. आई ती न उघडता माझ्या पुस्तकांवर ठेवायची. एकदाही तिने विचारलं नाही. तो मुलगाच होता, कुणी मोठा माणूस नव्हता कशावरून, असं मला आज वाटतं. तेव्हा मला वाटलं नाही, आणि आईलाही वाटलं नसावं — की वाटलं होतं, आणि तरी तिने पत्रं उघडली नाहीत?

बघा, मी आईबद्दल बोलत बसले. मुद्द्यावर यायला जड जातंय.

सानिकाने फोन उपडा ठेवायला सुरुवात केली, तिथून माझ्या मनात किडा शिरला. मग तिच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग दिसले. विचारलं तर म्हणाली, जिन्यात पडले. दर शनिवारी दुपारी ती कोचिंगला ‘डाउट क्लास’ला जायची आणि घामाघूम होऊन परत यायची. गणिताच्या शंका विचारून कुणाला घाम येतो का? एकदा बाल्कनीत ती मैत्रिणीशी हळू आवाजात बोलताना ऐकलं — “सैटरडे को लिन दीदी के रूम पे कवर है यार, घर पे मत बोलना.” कव्हर. मला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, झाकणं.

मी कोचिंगला फोन केला. “मॅडम, सैटरडे को तो सेंटर बंद रहता है.”

त्याच संध्याकाळी मी तिला समोर बसवून विचारू शकले असते. का नाही विचारलं? ती खोटं बोलेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत राहिले. तसं नव्हतं. मला विचारायचं नव्हतंच, मला पकडायचं होतं.

पुढच्या शनिवारी मी ओढणी डोक्यावरून घेऊन तिच्या मागे गेले. स्वतःच्या मुलीच्या मागे, पन्नास पावलं अंतर ठेवून. ती मुनिरकात शिरली. आमच्यापासून पायी वीस मिनिटांवर, पण मी तिथे कधी आत गेले नव्हते. अरुंद गल्ल्या, डोक्यावर तारांची जाळी, प्रत्येक घरावर मजल्यावर मजला चढवून विद्यार्थ्यांना दिलेल्या खोल्या. सानिका एका इमारतीत सराईतपणे शिरली. वर चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून केस रंगवलेला एक मुलगा वाकला आणि ओरडला, “लेट हो गई तू!” मग वरून गाण्याची धडधड सुरू झाली. भाषा कुठली ते कळेना.

मी खाली मोबाइल रिचार्जच्या दुकानापाशी वीस मिनिटं उभी होते. वर जायला चार जिने होते. मी गेले नाही. घाबरले होते का? थोडी. पण वर काय चाललंय ते मला ठाऊकच आहे, अशी माझी खात्री होती. दारावर पाटी होती, ‘कमरा खाली है’, खाली मालकाचा नंबर. मी त्या पाटीचा फोटो काढला आणि घरी आले. सानिका साडेसहाला परतली. मी विचारलं, “झाला का क्लास?” ती म्हणाली, “हो.” मी तिच्यापुढे उपमा ठेवला.

सोमवारी लंचमध्ये सेक्शन रिकामं झालं तेव्हा ऑफिसच्या फोनवरून तो नंबर लावला. म्हटलं, मैं पड़ोस से बोल रही हूँ. तुमच्या चौथ्या मजल्यावर ती बाहेरची मुलगी राहते ना, तिच्याकडे मुलं-मुली जमतात. कमी वयाच्या मुली येतात. आणि मग — हे वाक्य मी ठरवून ठेवलं नव्हतं, पण आलं ते सहज आलं — वहाँ नशा चलता है.

तो माणूस म्हणाला, “आपने देखा है?”

“जी,” मी म्हणाले. “अपनी आँखों से.”

हाच तो फोन. दोन मिनिटांचासुद्धा नसेल.

शनिवारी सानिका घरीच होती. दुपारी माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, “आई, मी तुझ्याशी खोटं बोलत होते. डाउट क्लास वगैरे काही नव्हता.” मग सगळं बाहेर आलं. लिन दीदी म्हणजे लिन्थोई. मणिपूरची, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. या पाचसहा मुलींना ती कोरियन गाण्यांवरचे नाच शिकवायची, अगदी मूळ व्हिडिओसारखे, पावलाला पाऊल जुळवून. त्यालाच ही मुलं कव्हर म्हणतात. गुडघे फरशीवर घासून काळे पडले होते. केस रंगवलेला मुलगा तिचा मावसभाऊ, तो व्हिडिओ काढायचा. “आणि सहा वाजले की ती आम्हाला हाकलायची, आई. म्हणायची, जाओ, मम्मी वेट कर रही होगी.”

गुरुवारी मालकाने तिचं सामान जिन्यात काढून ठेवलं होतं. गल्लीत सगळ्यांदेखत म्हणाला, इथे पुड्या विकायला आलीस का? ते ऐकल्यावर आजूबाजूला तिला कुणी खोली देईना. परीक्षा तीन आठवड्यांवर. गावाकडे तेव्हा जाळपोळ चालली होती, घरी परतायची सोय नव्हती.

“कुणीतरी शेजारणीने फोन केला म्हणे,” सानिका म्हणाली. “कोण असेल गं एवढं घाणेरडं?”

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाले, खोटं बोललीस ते चुकलंच, पण मी माफ केलं. माझा विश्वास आहे तुझ्यावर.

होय, हेच शब्द. मी तिला माफ केलं!

ती डोळे पुसत म्हणाली, “तू बोलशील त्या अंकलशी? तू गव्हर्नमेंटमध्ये आहेस, तुझं ऐकतील. प्लीज आई.” तिने तिच्या फोनमधला नंबर माझ्यापुढे धरला. तोच नंबर. मी माझा फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं. माझा आवाज त्याने ओळखला असता. फोन कानाला धरला, नंबर न लावता. काचेतून सानिका बघत होती, म्हणून ओठ हलवले, हातवारे केले, एकदा कपाळाला हातही लावला. आत येऊन म्हणाले, “नाही ऐकत गं. फार उद्धट माणूस आहे.”

सानिकाने मला मिठी मारली.

लिन्थोई फरीदाबादला लांबच्या एका नातेवाइकाकडे गेली. तिथून युनिव्हर्सिटीत यायला दोन तास, जायला दोन. त्या धावपळीत दोन पेपर बुडाले आणि वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसलीच नाही, एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. नाच संपला. तिचाही आणि सानिकाचाही. आता सानिकाचा फोन टेबलावर सुलटा पडलेला असतो. ती मला सगळं सांगते, न विचारता. मैत्रिणींना म्हणते, माझ्या आईला काहीही सांगता येतं. आणि मी? तिच्या चेहऱ्याकडे बघत बसते. हिला कळलंय का? माझ्याकडून वदवून घेण्यासाठीच ही एवढी मोकळी वागते का? पाटीचा तो फोटो मी पुसला. पुसण्याआधी तिने पाहिला असेल का?

मागच्या महिन्यात सानिका अठरा वर्षांची झाली. तिने लिन्थोईला घरी बोलावलं. मी तिला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. बारीकशी मुलगी, चष्मा, फरीदाबादहून मेट्रो बदलत आलेली. तिने माझ्यासाठी तिच्याकडचा काळा तांदूळ आणला होता, खीर करायला. पुडकं माझ्या हातात देत म्हणाली, “आंटी, आपने उस टाइम मेरे लिए मकानमालिक को फोन किया था ना? सानिका ने बताया था. और किसी ने नहीं किया.”

ती हसली. ते हसणं मी महिनाभर उलटंपालटं करून बघतेय. मालकाने तिला काही सांगितलं असेल का? ती मला जोखत होती का? नसेलच तसं. ती खरंच आभार मानायला आली होती, आणि मला तेच जास्त सोसत नाही.

सानिका शेजारी उभी होती. अभिमानाने माझ्याकडे बघत होती.

मी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. म्हणाले, “अरे बेटा, उसमें क्या.” आणि दोघींना आत बसायला सांगितलं.