सोपानअण्णांचं रोजचं वजन

पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी सोपानअण्णा स्टोअरमध्ये येत, बूट काढत आणि लोखंडाचा माल तोलायच्या काट्यावर गुपचूप उभे राहत. मी स्टोअरचा कारकून. आकडा वाचायचं काम माझं. चाकणजवळच्या खेड्यातून चिंचवडच्या आमच्या कारखान्यात एसटीने येणारा हा माणूस लेथवर मोठा तरबेज. पंचेचाळिशीत त्यांचं हृदय कमजोर झालं. मीठ बंद, लघवीची गोळी रोज आणि वजनही रोज, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अण्णांनी आम्हाला त्यातलं फक्त वजनाचं सांगितलं.

आठवड्यात तीन किलो वाढले तेव्हा मीच शहाण्यासारखा म्हणालो, "अण्णा, तब्येत धरली राव!" कारखान्यातल्या पोरांनी पेढे मागितले आणि या भल्या माणसाने ते वाटलेही. दोन दिवसांनी त्यांच्या पायात बूट चढेना, चार पावलांत धाप लागली. वाढलं होतं ते अंगातलं पाणी होतं. त्या शाबासकीची मला अजून लाज वाटते.

इस्पितळात भेटायला गेलो, तर डोळे पुसत म्हणाले, "गोळी घेतली की सारखं उठाया लागतं, भाऊसाहेब. मशीन काढून घेतील याचं भ्या वाटायचं. म्हनून गोळीच सोडली."

बरे झाल्यावर ते स्वतः फोरमनशी आजाराचं आणि गोळीचं बोलले; मी नुसता शेजारी उभा होतो. फोरमन तिरसट, पण त्याने त्यांना बसून सुटे भाग तपासायचं काम दिलं. त्या दिवसापासून अण्णांना झोप लागू लागली. घरी पारूवहिनीही त्यांच्यासोबत अळणी जेवायच्या, तर हे हळूच त्यांच्या आमटीत मीठ टाकायचे. "तिचं काळीज धडधाकट हाय, तिला कशापायी शिक्षा?" असं सांगताना लाजायचे.

अशी चार वर्षं गेली. एका सकाळी वजन बरोबर भरलं, पायही सुजले नव्हते, तरी अण्णा काट्यावरून उतरेनात.

"पानी न्हाई, भाऊसाहेब. पर आज लई भ्या वाटतंय. जरा बसता का माझ्यापाशी?"

मी त्यांना खोक्यावर बसवलं आणि हात हातात घेतला. भोंगा झाला. हत्यारं घ्यायला खिडकीपाशी रांग लागली, पण आत पाहून कोणी आवाज दिला नाही. बऱ्याच वेळाने अण्णा स्वतःच उठले आणि कामाला गेले.

आठवड्याने ते गेले. ते खोक्यावर बसले त्या सकाळी मी त्यांना "काही होत नाही हो" म्हणालो नाही, एवढंच माझ्याकडून बरं झालं.